परदेशात इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून जायचंय, ८५ हजार भरावे का?

दिग्रस_कास्तकार

राजेहो, जाणकारांनी जरा सांगा. बीए इंग्रजी आणि डीएलएड झालं आहे, वय २४, नोकरी नाही. दोन-अडीच महिने परदेशात बिनपगारी इंग्रजी शिकवायचं मनात आहे. एका एजन्सीचा प्रस्ताव असा: कंबोडियात चार आठवडे, अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवायचं, फी ८५ हजार, विमानाचं तिकीट वेगळं. व्हिसा पर्यटकाचा काढायचा आणि विमानतळावर ‘फिरायला आलो’ म्हणायचं. १२० तासांचं ऑनलाइन टीईएफएल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट सोबत फुकट.

माझ्याजवळ ६० हजार आहेत, बाकीचे उधार घ्यावे लागतील. घरी कापूस-तूर आहे, म्हणून पेरणीला आणि वेचणीला मी घरी पाहिजेच. पासपोर्ट अजून काढला नाही. हे बरोबर आहे का? नसेल तर दुसरी वाट कोणती?

वऱ्हाडी_मास्तर

भाऊ, जे काम खोटं बोलून सुरू करावं लागते त्याला उधारी काहून करता?

आधी व्हिसा. ‘पगार नाही म्हणजे काम नाही’ हा आपला समज, इमिग्रेशनवाल्यांचा नाही. कंबोडियात ‘टी’ वर्गाचा व्हिसा पर्यटकासाठी आहे. शिकवायचं असेल तर ‘ई’ वर्गाचा व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट लागतं. थायलंडमध्ये परमिटशिवाय काम करताना सापडलं तर ५ हजार ते ५० हजार बाट दंड आणि वरून हद्दपारी. तिथे स्वयंसेवकासाठी नॉन-इमिग्रंट ‘ओ’ व्हिसा असतो, त्याची कागदपत्रं तिथल्या नोंदणीकृत संस्थेने द्यावी लागतात. टांझानियात स्वयंसेवकाला ‘क्लास सी’ रहिवासी परवाना काढावा लागतो. देश कोणताही असो, बोलावणाऱ्या संस्थेने कागद द्यायला हवा. कागद देत नाही म्हणजे एकतर ती नोंदणीकृत नाही, नाहीतर तिला तुमची गरज नाही, एजन्सीच्या पैशाची आहे. आणि शिक्का बसतो तो तुमच्या पासपोर्टवर. एजन्सीवाला इकडे पंख्याखाली बसला असतो.

फी घेणं हेच मुळात वाईट, असं मी म्हणणार नाही. खोली, जेवण, तिथला समन्वयक यांचा खर्च कोणीतरी करतोच. पण लेखी विचारा: यातले शाळेला किती जातात, वर्गात मुलं किती, तुम्ही नसताना त्या तासाला कोण शिकवतं, आणि तुमच्या आधीचा स्वयंसेवक कोणत्या धड्यापर्यंत आला होता. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक एजन्स्या गप्प होतात. चार-चार आठवड्यांना माणूस बदलत असेल तर दर वेळी ए-बी-सी-डी, रंग, फळं आणि ‘हेड, शोल्डर्स’पासून सुरू. मुलं वर्षभर तेच शिकतात.

अनाथाश्रमाला तर सरळ नाही म्हणा. कंबोडियात काय, नेपाळात काय, अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप हयात असतो. ‘शिक्षण मिळेल’ म्हणून गावाकडून आणलेली लेकरं असतात, आणि फी भरणारे पाहुणे येत राहतात म्हणून ती तिथेच ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने याची दखल घेतली, ती उगाच नाही. शिकवायचं तर दिवसाच्या शाळेत, जिथली मुलं संध्याकाळी घरी जातात.

आणखी एक. ‘बँकॉकला इंग्रजी शिक्षक हवेत, तिकीट आम्ही काढतो, टायपिंगचा वेग किती?’ असा मेसेज आला तर नंबर ब्लॉक करा. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा नोकऱ्यांबाबत जाहीर इशारा दिला होता. बँकॉकला उतरवून माणसं सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीला नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. शिक्षकाला टायपिंगचा वेग कोणी विचारत नाही. पगारी नोकरीसाठी कोणी नेत असेल तर त्याचा रिक्रूटिंग एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. कायद्याने तो जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेऊ शकतो.

संत्रा_बर्फी

मास्तरांशी सहमत. सर्टिफिकेटबद्दल थोडं मी लिहिते.

टीईएफएल हे एका बोर्डाचं किंवा विद्यापीठाचं नाव नाही. कोणीही संस्था काढून १२० तासांचं प्रमाणपत्र वाटू शकते, आणि वाटतातही. फुकटातलं ते प्रमाणपत्र म्हणजे बहुतेक वेळा पीडीएफ वाचून सोडवलेली प्रश्नमंजुषा. ज्याला वजन आहे त्यात खरे विद्यार्थी समोर बसवून शिकवलेले तास मोजतात. केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-प्रशिक्षणात १२० तासांपैकी ६ तास असे असतात, मागे परीक्षक बसून टिपणं काढतो. पण सेल्टा मुख्यतः प्रौढांना शिकवण्यासाठी आहे आणि महाग आहे. तुमच्या डीएलएडमध्ये शाळेतल्या सराव पाठांचे तास त्याहून जास्त झालेत, पाठ टाचणाची वही असेलच. लहान मुलांना शिकवायचं तर तीच वही दाखवा, टीईएफएलवर पैसे घालू नका.

कोरियाचं कोणी सांगेल म्हणून आधीच लिहिते. तिथला ई-२ शिक्षक व्हिसा इंग्रजी मातृभाषा मानलेल्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीय सहाय्यक इंग्रजी शिक्षकांसाठी वाट ठेवलेली आहे, पण ती पगारी नोकरीची वाट आहे, स्वयंसेवेची नाही. संयुक्त राष्ट्रांचा यूएनव्ही कार्यक्रम अर्जाला एक पैसा घेत नाही, उलट निर्वाह भत्ता देतो. मात्र तिथे नुसतं इंग्रजी शिकवण्याची कामं क्वचित निघतात आणि अनुभव मागतात. दोन्ही नंतर बघा.

सोनौली_मार्गे

६० हजारांत आणि कपाशीच्या वेळापत्रकात बसणारा देश एकच, नेपाळ.

१९५० च्या मैत्री करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं. विमानाने गेलात तर या दोनपैकी एक लागतंच. आधार कार्डावर विमानात घेत नाहीत (१५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे सोडून). बरेच जण इथेच फसतात.

आता वेळ. तिकडचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. पण तेव्हा जाऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे भर्ना अभियान, म्हणजे आपल्याकडच्या पटनोंदणीसारखं, मग पुस्तकं यायची वाट, आणि तुम्हाला जूनमध्ये पेरणीला परतायचं. हाती चार आठवडे राहतात, मग एजन्सीत आणि यात फरक काय? त्यापेक्षा पेरणी, डवरणी, पहिलं निंदण आटोपून जुलैच्या मध्यात निघा. तिकडे दशैंची सुट्टी लागेपर्यंत थांबा. दशैं म्हणजे आपलाच दसरा. तिकडे शाळा बंद होते आणि इकडे पहिली वेचणी तोंडावर येते. दहा-अकरा आठवडे सलग मिळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार म्हणून डोंगराळ जिल्हे घेऊ नका. पावसात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, बस दोन-दोन दिवस अडकते. तराई घ्या: रुपन्देही, कपिलवस्तु, चितवन. गोरखपूरपर्यंत रेल्वे (राप्तीसागर नागपूरवरून जाते), तिथून सोनौलीपर्यंत बस, सीमा पायी ओलांडायची, पलीकडे बेलहिया आणि लगेच भैरहवा. उकाडा विदर्भातल्या माणसाला नवा नाही, दमटपणा मात्र जास्त आहे.

शाळा निवडताना ‘सामुदायिक विद्यालय’ पाहा, ती सरकारी. ‘बोर्डिङ’ म्हणजे खाजगी इंग्रजी माध्यम, तिथे फी घेतात आणि बिनपगारी मास्तर मिळाला तर पगारी मास्तर कमी करतात. २०१५ च्या राज्यघटनेनंतर शालेय शिक्षण स्थानिक पालिकेकडे आलं आहे. म्हणून प्रधानाध्यापकाचं पत्र पुरत नाही, पालिकेच्या शिक्षण शाखेलाही माहिती असू द्या. नाहीतर मधेच कोणी अधिकारी आला की तुम्हाला वर्गातून उठवून ऑफिसात बसवतात.

पैसे: १ भारतीय रुपयाला १.६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभराच्या नोटा न्या, पाचशेची नोट खेड्यात दाखवून वाद घालू नका. २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर चालतं. ती नेपाळची वेगळी कंपनी आहे, आपलं ते जांभळं अॅप नव्हे, आणि खेड्यातल्या टपरीवर तेही नसतं. राहायचं शिक्षकाच्या किंवा गावातल्या घरी, महिन्याचे पैसे आधी ठरवून. ‘तुम्ही द्याल ते’ असं कोणी म्हटलं तरी आकडा बोलूनच घ्या, मागून दोन्हीकडे रुखरुख राहत नाही.

दिग्रस_कास्तकार

हे लय कामाचं आहे. पण खरं सांगतो, मनात हिमालय होता. दसऱ्यानंतर डोंगरातल्या शाळेत गेलं तर?

पीएचसी_वाली

दादा, डोंगराचं ठरवायच्या आधी एक रक्ततपासणी करा, सिकलसेलची. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती पसरलाय ते तुम्हाला माहीत असेल, आणि वाहक माणसाला आयुष्यभर काही त्रास नसतो म्हणून त्याने कधी तपासलेलंच नसतं. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण ते ठरतं. सोल्युबिलिटी दोन्हीत पॉझिटिव्हच येते, तेवढ्यावर घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका. उंचीवर प्राणवायू कमी, त्यात रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबतात. वाहकालाही जास्त उंचीवर प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत: डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ. तेव्हा ‘गॅस झाला’ म्हणून झोपून राहायचं नाही, खाली उतरायचं.

तराईत गेलात तर डासांचं बघा. जपानी मेंदूज्वर तिथे आहे, लसीबद्दल महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, मग लस. हळद-मिरची-चुना काही नाही.

पुढे कधी आफ्रिकेचा बेत झाला तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लागते, ती ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि आयुष्यभर चालते. पीतज्वराच्या देशातून दाखल्याविना परत आलात तर आपल्याच विमानतळावर ६ दिवस वेगळं ठेवतात.

गुलाबी_खडू

जायचं कसं ते सगळ्यांनी सांगितलं, वर्गात काय करायचं ते राहिलं. दहा आठवडे, आठवड्याला पाच-सहा दिवस, ४० मिनिटांचा तास. वीस व्याकरणाचे मुद्दे उरकायला जाऊ नका, सहा-सात वाक्यरचना पक्क्या करा.

एक तास उघडून दाखवते. रचना: ‘देअर इज / देअर आर’. फळ्याचे उभे तीन भाग करा. डावीकडे सहा-आठ शब्द, त्याहून जास्त नाही, आणि तेही डोळ्यासमोरचे: बेंच, खिडकी, दप्तर, बकरी, सायकल. मधल्या भागात तीन रकान्यांचा तक्ता: पहिल्यात ‘देअर इज अ / देअर आर टू’, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात ‘इन द रूम / अंडर द ट्री’. उजवा भाग मुलांच्या चुकांसाठी मोकळा. पहिली ५ मिनिटं कालची उजळणी. मग १० मिनिटं वस्तू दाखवून तोंडी, फळ्याकडे न बघता. मग ५ मिनिटं एकसुरात म्हणणं, त्यानंतर १२ मिनिटं जोड्यांनी. उरलेल्या वेळात प्रत्येकाने वहीत तीन वाक्यं लिहायची, त्यातलं एक खोटं. शेजाऱ्याने खोटं ओळखायचं. या खेळाला ना झेरॉक्स लागते ना वीज.

बिघडतं कुठे? एकसुरात म्हणण्यात. पन्नास मुलं ओरडतात तेव्हा वर्ग छान चाललाय असं वाटतं, पण मागच्या बाकावरची दहा नुसते ओठ हलवतात. म्हणून पाच मिनिटांच्या वर ते चालवू नका, आणि लगेच रांगेरांगेने, मग एकेकट्याने. दुसरी चूक ‘समजलं का?’ विचारण्याची. उत्तर सगळीकडे ‘हो’च येतं, मेळघाटात आणि नेपाळातही. त्याऐवजी एक बकरी काढून विचारा, ‘इज की आर?’ चूक झाली की लगेच दिसते.

आपले स्वतःचे दोष आधी काढा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकार बोलताना एकच होतो, म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण सारखेच म्हणतो. मराठीत ‘अ’ किंवा ‘द’ असं उपपद नाही, म्हणून ‘आय हॅव पेन’. ‘मायसेल्फ गणेश’, ‘डिस्कस अबाउट’, ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ही आपली खास त्रयी. मोबाइलवर स्वतःचा दहा मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करून ऐका, कागदावर रेघा मारा.

नेपाळी मुलांच्या अडचणी निराळ्या. त्यांच्या बोलण्यात श आणि स यांत भेद नाही, म्हणून ‘शी’ आणि ‘सी’ एकच होतात. त्या जोडीवर रोज दोन मिनिटं घाला. ‘झेब्रा’चं ‘जेब्रा’ होतं, आपल्याला मराठी झ मुळे तिथे थोडा फायदा आहे. सगळ्यात मोठा फायदा लिपीचा: नेपाळीही देवनागरीतच. हजेरीपटावरची नावं पहिल्या दिवशी वाचता येतात, अडलेल्या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिता येतो (फक्त ळ लिहू नका, त्यांच्याकडे नाही). पण तराईतल्या कित्येक मुलांच्या घरी थारू, अवधी किंवा भोजपुरी असते, नेपाळी त्यांना शाळेत येऊन भेटते. म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी भाषा.

म्हणूनच सराव तुमच्या जिल्ह्यातच करा. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुलं असलेली जिल्हा परिषद शाळा शोधा, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला रीतसर अर्ज द्या, आणि मे महिन्याची सुट्टी लागण्याआधी दोन महिने, आठवड्याला सहा तास मागा. आपल्याकडे २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तास मिळायला अडचण नाही. तुमची भाषा न बोलणाऱ्या मुलांना चित्र, वस्तू आणि हातवाऱ्यांवर तास कसा पेलायचा ते तिथे कळतं. शेवटी मुख्याध्यापकांकडून तासांच्या संख्येसह दाखला घ्या. नेपाळातल्या शाळेला तो टीईएफएलपेक्षा जास्त पटतो.

सामान: चार रंगांचे मार्कर, दोन रोल कागदी टेप, जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूंची शंभरेक कार्डं, दोन मोठे फासे, खडूचं एक खोकं. प्रोजेक्टर, लॅपटॉप घरी.

आणि मुलांचे फोटो इन्स्टावर टाकायचे नाहीत. मुलासोबत एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, शिकवणी पण दार उघडं ठेवून.

दिग्रस_कास्तकार

ताई, हे प्रिंट काढून ठेवतो. शेवटचं: कागद कोणते जमवू?

टपालपेटी

नेपाळला लागत नसला तरी पासपोर्ट काढून ठेवा. ३६ पानांचा १५०० रुपये, तत्काळचे वरून २०००, तुम्हाला तत्काळची गरज नाही. दहावीची गुणपत्रिका जोडा, म्हणजे ईसीएनआर (परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणीची गरज नाही) असा दर्जा मिळतो. खरी गोम नावात आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम, आणि टीसीवर कुठे ‘राव’ जोडलेलं तर कुठे गाळलेलं. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवा, आधार दुरुस्त करायचा असेल तर तो आधी करा. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेवरूनच निघतो, ५०० रुपये. शाळेने मागितला नाही तरी न्या.

अपोस्टिलच्या (आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणाऱ्या शिक्क्याच्या) भानगडीत आत्ता पडू नका. तो हेग करारातल्या देशांसाठी लागतो. पदवी आधी मुंबईला उच्च व तंत्रशिक्षण विभागातून साक्षांकित करायची, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये, दलाल त्याचे हजारो सांगतात.

नेपाळच्या शाळेकडून पत्र मागवताना त्यात इयत्ता, आठवड्याचे तास, राहण्याची जागा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख हे सगळं लिहून घ्या. तारखा विक्रम संवतातल्या येतील, इसवी सनाच्या साधारण ५७ वर्षं पुढे, आणि त्यांचा महिना सौर असल्याने श्रावण १६-१७ जुलैला लागतो. आपल्या पंचांगातल्या श्रावणाशी जुळवत बसलात तर तारीख हमखास चुकेल. पत्रात दोन्ही तारखा मागा आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा.